कूपन, पोस्टकार्ड आणि तिकीट

डिसेंबर उजाडला की दरवर्षी एक मोसम सुरू होतो. सरलेल्या वर्षातला उत्तम चित्रपट कोणता, उत्तम नट कोण, नटी कोण, गाणे कोणते, याचा कौल प्रेक्षकांकडे मागितला जातो. कोणी वर्तमानपत्रातून मागतो, कोणी दूरचित्रवाणीवरून, कोणी मोबाईलवरून. आपणही हौसेने मत देतो आणि निकाल लागला की तितक्याच हौसेने त्यावर भांडतो. आपल्या आवडीचा नट जिंकला तर ‘जनतेचा कौल’ आणि हरला तर ‘सगळे आधीच ठरलेले असते’, असे आपले दोन ठरावीक शेरे असतात.

मी इतिहासाचा विद्यार्थी. मतदान म्हटले की मला निकालाआधी मतदारयादी पाहावीशी वाटते. मत कोणाला देता येत होते? ते द्यायला काय खर्च पडत होता? मोजले कोणी? चित्रपटांच्या मतदानालाही हेच प्रश्न विचारले, तर आपल्या समाजाविषयी बरेच काही हाती लागते. आज त्याविषयीच बोलणार आहे.

प्रेक्षकांकडून मते मागवण्याची ही चाल आपली नव्हे. अमेरिकेत ‘फोटोप्ले’ नावाचे सिनेमाला वाहिलेले मासिक होते. त्याने १९२० सालच्या चित्रपटांपासून वाचकांच्या मतांवर एक सुवर्णपदक देण्याचा परिपाठ सुरू केला. पहिले पदक ‘ह्युमोरेस्क’ या चित्रपटाला मिळाले. न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीतल्या एका व्हायोलिनवादक मुलाची ती गोष्ट. ऑस्कर पारितोषिके १९२९ साली सुरू झाली. म्हणजे धंद्यातल्या लोकांनी एकमेकांना बक्षिसे देण्याच्या कितीतरी आधी प्रेक्षकांनी ते काम सुरू केले होते. पुढे इंग्लंडमध्ये दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, ‘डेली मेल’ या दैनिकाने युद्धकाळातल्या आवडत्या ब्रिटिश चित्रपटासाठी लोकांची मते मागवली. लोकांनी ‘द वे टू द स्टार्स’ निवडला. तो एका विमानतळावरच्या वैमानिकांचा आणि त्यांच्या मागे राहणाऱ्या माणसांचा चित्रपट होता. सहा वर्षे ज्या लोकांनी घरातली माणसे गमावली, त्यांनी तो निवडला यात नवल नाही.

आता आपल्याकडे येऊ. इथे १९५२ हे वर्ष फार महत्त्वाचे आहे. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९५२च्या फेब्रुवारीत संपली. सतरा कोटींहून अधिक मतदार, त्यातले बहुसंख्य निरक्षर. त्यांना वाचता येत नाही म्हणून त्यांचे मत अडले नाही. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी ठेवली, त्या पेटीवर चिन्ह चिकटवले. बैलजोडी, झोपडी ओळखता आली की झाले. ज्याला सही करता येत नव्हती त्याचे मत आणि बॅरिस्टरचे मत एकाच तोलाचे धरले गेले. आज आपल्याला हे साधे वाटते. त्या वेळी जगातल्या अनेक शहाण्यांना ते धाडस वाटले होते.

निवडणूक आटोपल्यावर थोड्याच दिवसांत, १९५२च्या मार्चमध्ये, मुंबईहून ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या समूहाने ‘फिल्मफेअर’ हे इंग्रजी पाक्षिक सुरू केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. मताची सवय नुकतीच लागलेल्या या देशात चित्रपटरसिकांच्या हाती कौल देण्याची दोन साधने अशी एकाच वर्षी आली. एक छापील कूपन आणि दुसरे पोस्टकार्ड. दोन्हींचे स्वभाव मात्र अगदी वेगळे होते.

आधी कूपनाची गोष्ट. ‘फिल्मफेअर’ने वाचकांच्या मतांवर पारितोषिके देण्याचे ठरवले. क्लेअर मेंडोन्सा या ‘टाइम्स’च्या चित्रपट समीक्षक होत्या. १९५३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ या पारितोषिकांना आरंभी ‘क्लेअर्स’ असे नाव होते. देशभरातून वीस हजारांवर वाचकांनी मते पाठवली. २१ मार्च १९५४ रोजी मुंबईत धोबीतलावच्या मेट्रो चित्रपटगृहात समारंभ झाला. पारितोषिके अवघी पाच. चित्रपट ‘दो बिघा जमीन’, दिग्दर्शक त्याचेच बिमल रॉय, अभिनेता ‘दाग’साठी दिलीपकुमार, अभिनेत्री ‘बैजू बावरा’साठी मीनाकुमारी आणि संगीतकार त्याच चित्रपटासाठी नौशाद. ही यादी आज वाचली तरी तिला नावे ठेवायला जागा सापडत नाही. पहिल्याच खेपेला वाचकांनी आपली अभिरुची चांगली दाखवली.

त्या पारितोषिकाची मूर्ती आज सगळ्यांच्या ओळखीची आहे. हात उंचावलेली, नृत्याच्या पवित्र्यातली काळी स्त्री. ती घडवली ना. ग. पानसरे या मराठी शिल्पकाराने. मुंबईच्या फोर्टमध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीवरची शिल्पे पाहिली असतील, तर पानसऱ्यांचा हात तुम्ही पाहिला आहे. मूर्तीच्या कामावर देखरेख होती वॉल्टर लँगहॅमर यांची. हिटलरच्या छळामुळे व्हिएन्ना सोडून मुंबईला आलेले हे चित्रकार ‘टाइम्स’चे कलासंचालक होते. उरणकडचा शिल्पकार आणि व्हिएन्नाचा निर्वासित, अशा दोघांच्या कामातून ती बाई उभी राहिली. हात वर केलेल्या त्या बाईकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

आता माझा मतदारयादीचा प्रश्न. हे वीस हजार कोण होते? इंग्रजी वाचणारे आणि पाक्षिक विकत घेण्याची, निदान ते हाती पडण्याची ऐपत असणारे. ‘दो बिघा जमीन’चा नायक आठवून पाहा. बलराज साहनींनी उभा केलेला शंभू महातो. जमीनदाराचे कर्ज फेडून आपली दोन बिघे जमीन सोडवण्यासाठी तो कलकत्त्याला जातो आणि माणसांनी ओढायची रिक्षा ओढतो. या शंभूला १९५२च्या निवडणुकीत मत होते. पेटीवरचे चिन्ह पाहून तो ते देऊ शकत होता. पण त्याच्याच कहाणीला उत्तम ठरवणाऱ्या मतदानात त्याला मत नव्हते. ते मतदान इंग्रजीत होते.

वाचकांनी गरिबाची कहाणी निवडली ही त्यांच्या मोठ्या मनाची गोष्ट आहे, मी ती नाकारत नाही. परंतु ‘जनतेचा कौल’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो, हे या एका उदाहरणावरून दिसते. तो जनतेच्या एका चिमुकल्या तुकड्याचा कौल होता. तुकडा सुजाण होता, म्हणून निकाल चांगला लागला.

त्याच १९५४ साली दुसराही एक निकाल लागला. केंद्र सरकारने परीक्षकांच्या मंडळाकडून चित्रपटांना पुरस्कार देण्यास सुरुवात केली. आज आपण ज्यांना राष्ट्रीय पुरस्कार म्हणतो ते हेच. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मराठी चित्रपटाला मिळाले, आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्रक मिळाले. वाचकांच्या मतदानात मात्र ‘श्यामची आई’ हरली असे म्हणता येणार नाही, कारण ती उभीच नव्हती. तो कौल हिंदी चित्रपटांपुरता होता. साने गुरुजींच्या आईसाठी महाराष्ट्रातली घरेच्या घरे रडत होती, पण त्या अश्रूंची नोंद करायला कूपनावर रकाना नव्हता.

रकान्याची ही गोष्ट पुढेही छळत राहिली. मतदाराच्या हाती पेन्सिल असते, पण रकाने दुसराच कोणी आखतो. १९५७ साली वैजयंतीमाला यांना ‘देवदास’मधल्या चंद्रमुखीसाठी सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक जाहीर झाले आणि त्यांनी ते घ्यायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की चंद्रमुखी ही पारोच्या बरोबरीची भूमिका आहे, सहायक नव्हे. भूमिका मोठी की दुय्यम, हे कोणी ठरवायचे, असा तो वाद होता.

त्याच वर्षी लता मंगेशकरांनीही असाच प्रश्न उभा केला. शंकर-जयकिशन यांना ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी पारितोषिक मिळाले. समारंभात लताबाईंनी त्यातले एक गाणे म्हणावे अशी विनंती झाली. त्यांनी साफ नकार दिला. पारितोषिक संगीतकाराला आहे, गाणाऱ्याला पारितोषिकच नाही, मग गाणाऱ्याने का गावे? सरळ मुद्दा होता. तोवर लाखो लोक ज्या आवाजावर जीव टाकत होते, त्या आवाजाला मत देण्याची सोयच नव्हती. १९५९ साली पार्श्वगायनाचा रकाना आला आणि ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी पहिले पारितोषिक लताबाईंनाच मिळाले. तरीही आरंभीची काही वर्षे गायक आणि गायिका मिळून एकच पारितोषिक होते. पुढे १९७० साली, नव्या गळ्यांना वाव मिळावा म्हणून, त्या स्वतःहून या स्पर्धेतून बाजूला झाल्या.

आता दुसरे साधन, पोस्टकार्ड. त्याचा इतिहास रंजक आहे, आणि त्याला एक मराठी माणूस नकळत कारण झाला. १९५२ साली केंद्रात नभोवाणी खाते आले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा. चित्रपटगीते त्यांना हलकी वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. ऐकणाऱ्यांनी सुई फिरवली ती थेट सिलोनवर. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरांत गेला. आरंभी ती एक स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावून पाठवायचा, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच खेपेला नऊ हजारांच्या आसपास पत्रे आली. वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला.

वर्षातून एकदा वीस हजार कूपने आणि एका आठवड्यात पासष्ट हजार पत्रे. तफावत पाहा. पोस्टकार्ड काही पैशांत मिळत होते. इंग्रजीची अट नव्हती. गाणे ऐकायला स्वतःचा रेडिओ हवा अशीही अट नव्हती, चौकातल्या हॉटेलात तो वाजत असे. बिहारमधले, आताच्या झारखंडातले, झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे छोटेसे गाव. केवळ रेडिओवर गाण्यांच्या फर्माइशी पाठवणाऱ्या तिथल्या श्रोत्यांमुळे ते देशभर माहीत झाले. ज्या गावांची नावे एरवी कुठे छापून येत नव्हती, ती गावे बुधवारी रात्री आठ वाजता कान टवकारून बसत.

परंतु पत्रे मोजणे हेही सोपे काम नव्हे. ज्याचे काम एका पत्राने होते, तो शंभर पत्रेही टाकू शकतो. म्हणून पुढे पत्रांऐवजी ध्वनिमुद्रिकांची विक्री हा निकष आला. दुकानदारांकडून आकडे घ्यायचे आणि त्यावर गाण्यांच्या पायऱ्या ठरवायच्या. त्यातही गोम निघाली. गाणे फार खपले की तबकड्या संपत. तबकड्या संपल्या की विक्री थांबे. म्हणजे लोक मागत असतानाच गाणे खाली घसरणार! मग जोडीला गावोगावच्या श्रोता संघांचे कौल घेतले जाऊ लागले. दहा-वीस रसिकांनी एकत्र बसायचे, चर्चा करायची आणि संघाची यादी पाठवायची. लोकांची आवड मोजायला निघालेल्या माणसाला किती वाटा बदलाव्या लागतात, हे यातून दिसते. सायानी २०२४च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा अनेकांना आपला ‘बहनों और भाइयों’ म्हणणारा माणूस गेला असे वाटले. मला ते लोकांच्या आवडीचा पहिला मोठा मोजणीदार म्हणूनही आठवतात.

माझ्या स्वतःच्या पाहण्यातली एक गोष्ट इथे सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय होते. तिथे ‘फिल्मफेअर’चा एक अंक येई आणि तो निदान पन्नास जण वाचत. अंक पन्नास जणांचा, कूपन मात्र एक. कोणी तरी ते कापून नेणार आणि बाकीचे भांडणार, हे ठरलेले. आमच्या ग्रंथपालांनी त्यावर तोड काढली. अंक आला की कूपन ते स्वतःच कापून खणात ठेवत आणि एका संध्याकाळी वाचनकक्षात हात वर करवून कौल घेत. बहुमताने जे ठरेल ते कूपनावर भरत आणि पाकिटावर स्वतःच्या पैशांनी तिकीट लावत.

१९७० सालचा कौल मला चांगला आठवतो. कॉलेजातल्या पोरांचा एकच घोष, ‘आराधना’चा राजेश खन्ना. वडीलधाऱ्यांचा आग्रह ‘आशीर्वाद’मधल्या अशोककुमारांसाठी. गंमत अशी की ‘आराधना’ आमच्या गावात लागलाच नव्हता. मोठ्या शहरांतली गर्दी ओसरून चित्रपटाची प्रत तालुक्यापर्यंत पोहोचायला तेव्हा महिनोन्‌महिने लागत. जिल्ह्याला जाऊन तो पाहिलेले चौघे-पाच होते. बाकीच्यांनी रेडिओवर गाणी ऐकली होती आणि तेवढ्यावर हात वर केले. ग्रंथपाल म्हणाले, “अरे, पाहिल्याशिवाय मत देता?” त्यावर मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, उमेदवाराला पाहून मत कोण देतं?” सगळे हसले. राजेश खन्नाचे नाव बहुमताने कूपनावर गेले. त्या वर्षी ‘आराधना’ला उत्तम चित्रपटाचे पारितोषिक मिळाले, पण उत्तम अभिनेता ठरले अशोककुमार. आमच्यातले वडीलधारे आठवडाभर मिशीत हसत होते.

या प्रसंगात मतदानाची सगळी दुबळी बाजू आहे. पन्नास जणांना मिळून एक मत. न पाहिलेल्या चित्रपटावर कौल. गावात प्रत उशिरा पोहोचते म्हणून वर्षाची मुदतच निरर्थक. पण त्यात एक चांगलेही होते. गावातली पन्नास माणसे तासभर बसून अभिनय म्हणजे काय यावर वाद घालत होती. अशोककुमारांनी काय केले आणि राजेश खन्ना काय करतो, हे एकमेकांना समजावत होती. ते कूपन मुंबईत कोणी उघडले की नाही, देव जाणे. तो वाद मात्र वाया गेला नाही.

कूपनाला आणखी एक खोट होती. एका विकत घेतलेल्या अंकामागे एक मत, असा हिशेब असेल तर शंभर अंक विकत घेणाऱ्याच्या हाती शंभर मते येतात. पैशाला शिरायला दार मिळते. अमक्याने असे केले असे मी म्हणत नाही. परंतु पुरस्कारांच्या जगात पैसा शिरला होता याची कबुली मात्र एका नटानेच दिली आहे. ऋषी कपूर यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहिले की ‘बॉबी’च्या वेळी आपण तीस हजार रुपये मोजून पुरस्कार मिळवला होता आणि त्याची आपल्याला लाज वाटते. इतक्या वर्षांनी असे लिहायला धैर्य लागते. पण ज्या चाहत्यांनी त्या वर्षी मनापासून मत दिले असेल, त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

पुढे ‘फिल्मफेअर’चे निकालही निव्वळ वाचकांच्या मतांवर राहिले नाहीत. जाणकारांच्या समितीची जोड आली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी समीक्षकांचे वेगळे पारितोषिक सुरू झाले आणि ते मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’सारख्या, गर्दीपासून लांब असलेल्या चित्रपटाला मिळाले. लोकांना आवडते आणि जाणत्यांना आवडते यांत अंतर आहे, हे संयोजकांनीच मान्य केल्यासारखे झाले. तरी वाद मिटले नाहीत. १९७३ साली ‘बेईमान’ला सात पारितोषिके मिळाली, संगीताचेही त्यालाच. ‘पाकीजा’चे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ सालीच वारले होते. त्यांना डावलले म्हणून प्राण यांनी ‘बेईमान’साठीच मिळालेले स्वतःचे सहायक अभिनेत्याचे पारितोषिक नाकारले. मेलेल्या माणसाच्या बाजूने, स्वतःच्याच चित्रपटाविरुद्ध उभा राहिलेला हा पडद्यावरचा खलनायक!

आणि मग आला १९७५ सालचा ‘शोले’. त्याला त्या पारितोषिकांत एकच मान मिळाला, संकलनाचा. तो मिळवणारे एम. एस. शिंदे, मराठी. उत्तम चित्रपट ‘दीवार’ ठरला. तिकडे मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षे चालला. तिकीटबारीवर उभ्या असलेल्या माणसाला कूपन ठाऊक नव्हते. त्याने खिशातले पैसे काढून मत दिले, पुन्हा पुन्हा दिले. तीस वर्षांनी, २००५ साली, त्याच पारितोषिकांच्या पन्नासाव्या समारंभात ‘शोले’ला पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट म्हणून गौरवले. तिकिटाचा निकाल कूपनाने तीस वर्षे उशिरा मान्य केला, असे म्हणू या.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असे की चित्रपटाच्या लोकप्रियतेच्या खातेवह्या तीन आहेत. परीक्षकांची, मतदारांची आणि तिकीटबारीची. तिन्ही क्वचित जुळतात. कधी दोन जुळल्या तरी आनंद होतो. जयवंत दळवींच्या ‘चक्र’ कादंबरीवरच्या चित्रपटात झोपडपट्टीतली अम्मा साकारणाऱ्या स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आणि फिल्मफेअरही. अशा वेळी वाद घालायला कोणी उरत नाही. एरवी एकच वही उघडून ‘हा लोकांचा निकाल’ म्हणणे धोक्याचे असते.

आताच्या काळात कूपन गेले, पोस्टकार्ड गेले. मोबाईलचा संदेश आला, त्यामागून महाजाल. झी टॉकीजने ‘महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?’ असे थेट विचारायला सुरुवात केली आणि १९५४ साली ज्याला रकाना नव्हता, त्या मराठी चित्रपटाला प्रेक्षकांच्या मताची हक्काची जागा मिळाली. इंग्रजीची अट गेली, गावात प्रत उशिरा पोहोचण्याची अडचण बरीच कमी झाली. या गोष्टी चांगल्या आहेत, त्या मोकळेपणाने मान्य केल्या पाहिजेत.

पण जुना रोग नव्या रूपात परत आला. २०२२ साली ऑस्करवाल्यांनी ट्विटरवरून लोकांना त्यांचा आवडता चित्रपट विचारला. एका माणसाला दिवसाकाठी वीस मते देण्याची मुभा होती. जिंकला ‘आर्मी ऑफ द डेड’, चालत्या-फिरत्या प्रेतांचा चित्रपट. त्या दिग्दर्शकाचे चाहते संघटित होते, त्यांनी नेटाने काम केले. ऑस्करच्या सभासदांनी निवडलेला उत्तम चित्रपट होता ‘कोडा’. यात कोण चूक, कोण बरोबर हे मी ठरवत नाही. मी एवढेच विचारतो की दिवसाला वीस मते देणाऱ्याला आपण मतदार म्हणायचे का? आवड आणि चिकाटी या दोन निराळ्या वस्तू आहेत. अशा मोजणीत चिकाटी मोजली जाते आणि निकालावर आवडीचे नाव घातले जाते.

१९५२च्या त्या पेट्या पुन्हा आठवा. एक माणूस, एक मत, बोटावर शाई. आपल्या देशाने सर्वांत गरीब माणसासाठी जी साधी शिस्त पाळली, ती आवडीच्या मतदानात फारशी कोणी पाळलेली दिसत नाही. कुठे भाषेने माणसे गाळली, कुठे अंकाच्या किमतीने, कुठे रकान्याने. आता कोणाला गाळत नाहीत, पण जो जास्त वेळा बटण दाबतो त्याला जास्त माणूस धरतात.

तेव्हा पुढच्या वेळी ‘लोकांनी निवडलेला’ असा शिक्का दिसला की तीन गोष्टी जरूर पाहाव्या. यादी कोणी केली, मत कोणाला देता आले, आणि एकाला किती देता आली. ज्या मतदानात याची उत्तरे उघड सांगितलेली असतील, त्याचा निकाल आपल्याला न आवडला तरी मानावा. जिथे ती दडवलेली असतील, तिथे आवडता नट जिंकला तरी फार नाचू नये.

आणि एक विनंती. जिंकलेल्यांची नावे सगळीकडे मिळतात. मत देणाऱ्यांच्या खुणा मात्र झपाट्याने नाहीशा होत आहेत. तुमच्या माळ्यावर एखाद्या श्रोता संघाची नोंदवही असेल, गीतमालेच्या पायऱ्या लिहून ठेवलेली आजोबांची डायरी असेल, जुन्या सिनेमासिकांचे गठ्ठे असतील, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी थोडे थांबा. पुण्यात १९६४ सालापासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. गावोगावी जुनी वाचनालये आहेत. तिथे विचारून पाहा. कोण जिंकले हे आपल्याला पाठ आहे. आपल्यातल्या साध्या माणसांना काय आवडत होते आणि का आवडत होते, हे त्या वह्यांतच लिहिलेले आहे.